छप्पन्न टक्के आणि परदेशचे शिक्षण

बी.कॉम.चा निकाल लागला की आमच्या वस्तीत पहिल्या वर्गाच्या घरी पेढे वाटले जातात. पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या घरी "पास झाला ना, बस्स झालं" असे म्हणून गुणपत्रिका कपाटात ठेवून देतात. मुलगा कुठेतरी अकाउंट्सला चिकटतो, मुलगी टॅली शिकते, घरात पगार येऊ लागतो. चार वर्षांनी त्याच मुलाला किंवा मुलीला वाटते, आपण पुढे शिकावे, परदेशात फायनान्सची मास्टर्स पदवी घ्यावी. मग ती कपाटातली गुणपत्रिका बाहेर निघते आणि आमच्याकडे आणली जाते. आम्ही कारकून माणूस. फॉर्म, दाखले, साक्षांकन यांत आयुष्य गेले, आणि विहाराचे कामही पाहतो, म्हणून समाजबांधव हक्काने येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. एवढ्या मार्कांवर बाहेर कोणी घेईल का?

या प्रश्नाला लोक दोन उत्तरे देतात आणि दोन्ही आम्हाला पसंत नाहीत. एक म्हणतात, "सोड रे, ते आपलं काम नाही." दुसरे म्हणतात, "मार्काला काय महत्त्व? बाबासाहेबांना मॅट्रिकला साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशीच गुण होते, तरी ते कोलंबियात गेलेच ना!" दुसरे वाक्य टाळ्या घेते, पण मुलांचे नुकसान करते. १९०७ सालची मॅट्रिक म्हणजे आजची दहावी नव्हे. त्या परीक्षेत भल्याभल्यांच्या दांड्या उडत. आणि बाबासाहेब २८२ गुणांवर अमेरिकेला गेले नाहीत. ते एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले आणि सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली गेले. तिथे दोन वर्षांत, १९१५ ला, त्यांनी एम.ए. केले. पुढचे सगळे त्या कामामुळे झाले. आमच्या मुलांनी हा आकडा पाठ करण्यापेक्षा त्यानंतरची वर्षे पाहावीत. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० ला ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंधही परीक्षकांनी पहिल्या फेरीत जसाच्या तसा घेतला नाही. बदल करून पुन्हा द्यावा लागला, तेव्हा १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. त्यांचा विषय सरकारचा महसूल, चलन, रुपया, म्हणजे आज ज्याला आपण फायनान्स म्हणतो त्याच मुलखातला. आमच्या मुलांनी या विषयाकडे वळावे यात नवल काही नाही.

हे सगळे आम्ही आता घरच्या अनुभवावरून लिहीत आहोत. आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी गेल्या वर्षी या कामाला लागली आणि तिच्याबरोबर आम्हीही लागलो. दादा महापालिकेत सफाई खात्यात. वहिनी वस्तीतल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, नंतर बी.कॉम. मुंबई विद्यापीठातून २०१९ ला झाली. पहिल्या वर्षी ४६ टक्के, दुसऱ्या वर्षी ५७, तिसऱ्या वर्षी ६५. एकूण ५६. पहिल्या वर्षी गणित व संख्याशास्त्राच्या पेपरात केटी लागली होती. सगळे पेपर इंग्रजीतून, वर्गात शंभराच्या वर मुले, आणि सकाळचे कॉलेज झाले की दुपारी ही दोन घरी शिकवण्या घ्यायची. नंतर चार-साडेचार वर्षे एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत नोकरी.

पहिल्यांदा ती एका एजंटाच्या कचेरीत गेली. आम्ही बरोबर होतो. भिंतीवर झेंडे, टेबलावर चॉकलेटांची वाटी. त्यांनी गुणपत्रिका पाहिली आणि छप्पन्नला पंचविसाने भागले. "तुमचा जीपीए दोन पॉइंट चोवीस. या स्कोअरवर मोठी युनिव्हर्सिटी विसरा. आमच्याकडे दोन कॉलेजं आहेत, गॅरंटीड ॲडमिशन." पुढे आणखी दोन सूचना आल्या. नोकरीचा दाखला आणखी 'वजनदार' करून मिळेल, आणि बँकेत पैसे कमी असतील तर महिनाभरासाठी शिल्लक दाखवायची सोय होईल. दर वेगळा. मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही उठलो. विहारात दर रविवारी आम्ही पंचशील म्हणतो, त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. ते काही फक्त रविवारचे नाही. आणि व्यवहाराने पाहिले तरी खोटा कागद पकडला गेला तर व्हिसा नाकारला जातो, आणि तो शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. आमच्या माहितीची एजंट मंडळी विद्यापीठाकडून दलाली घेतात, त्यामुळे मुलाला कोणते विद्यापीठ योग्य यापेक्षा आपल्याला कोणते परवडते हे ते पाहतात. सगळेच तसे नसतील, पण आमचा अनुभव हा.

आता त्या भागाकाराविषयी. टक्क्यांना पंचविसाने भागून अमेरिकेचा चारच्या मापातला जीपीए काढणे चूक आहे. आपल्याकडे साठला पहिला वर्ग मिळतो, आणि ऐंशीच्या वर कॉमर्सचा मुलगा क्वचितच जातो. अमेरिकेत नव्वद म्हणजे 'ए'. दोन्हीकडची माणसे वेगळ्या काट्यावर तोलली जातात. म्हणून तिथे पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्था आहेत. त्या भारतीय विद्यापीठाची पद्धत ध्यानात घेऊन विषयवार ग्रेड काढतात, आणि तो आकडा साध्या भागाकारापेक्षा बहुधा बराच वर येतो. काही विद्यापीठे तर म्हणतात, तुमचे मार्क आहेत तसे लिहा, आम्ही पाहून घेऊ. तिथे स्वतःच्या मनाने आकडा बदलून लिहूच नये. अमेरिकेची दुसरी अडचण म्हणजे काही विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात, आणि आपली बी.कॉम. बारावीनंतर तीन वर्षांची, म्हणजे पंधराच. सगळी मागत नाहीत. एकेका विद्यापीठाचे पान उघडून वाचावे लागते. आम्ही खर्च पाहून अमेरिकेचा नाद लवकर सोडला.

ब्रिटनमध्ये एम.एस्सी. फायनान्स एका वर्षात होते, हा मोठा फायदा. तिथे पदवीचे वर्ग असतात: फर्स्ट, अपर सेकंड, लोअर सेकंड, थर्ड. प्रत्येक विद्यापीठ भारतासाठी वेगळे कोष्टक देते. कुठे साठ टक्क्यांना अपर सेकंड धरतात, कुठे पंचावन्नला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारखी संस्था फायनान्ससाठी चांगला अपर सेकंड आणि त्यावर जीमॅट किंवा जीआरई मागते. पण मध्यम दर्जाची कितीतरी विद्यापीठे ५५ टक्क्यांवर आणि नोकरीच्या अनुभवावर विचार करतात. आम्ही चार ठिकाणी अर्ज केले. दोघांनी नकार दिला. एकाने आधी तयारीचा कोर्स करा म्हणून सांगितले. एकाने प्रवेश दिला. घरात आनंद झाला. मग फी पाहिली. पंचवीस हजार पौंडांच्या आसपास, रुपयांत अठ्ठावीस-तीस लाख, राहण्या-खाण्याचे वेगळे. व्हिसासाठी फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग अठ्ठावीस दिवस दाखवावा लागतो, वर वर्षाला ७७६ पौंड आरोग्याचा अधिभार.

इथे शिष्यवृत्तीचा प्रश्न येतो, आणि खरी मेख इथेच आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले, त्यामुळे ती आपल्यालाही आहे. वर्षाला १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत, वय पस्तिशीच्या आत, विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या पाचशेत, आणि पदवीला निदान ६० टक्के. साठ! आमच्या मुलीचे छप्पन्न. फी, राहणे, विमानभाडे सगळे देणारी ही योजना चार टक्क्यांनी गेली. आमच्या राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे, ७५ जागांची. तिथेही क्रमवारीची अट असते, आणि अटी जाहिरातीगणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर राहू नये. आम्ही वाचली. मुलीला घेणारे ते एक विद्यापीठ क्रमवारीच्या अटीत बसत नव्हते.

म्हणजे पहा कसे झाले. ज्या विद्यापीठांसाठी सरकार पैसे देते, ती कमी मार्कांच्या मुलांना घेत नाहीत; जी घेतात, त्यांच्यासाठी सरकार पैसे देत नाही. मधल्या मधे आमची मुले. ज्याच्या बापाकडे तीस लाख आहेत त्याला छप्पन्न टक्के आडवे येत नाहीत. ते फक्त आमच्या मुलांना आडवे येतात. गुणवत्तेची अट नको असे आम्ही म्हणत नाही. पण पहिल्या वर्षी इंग्रजीशी झगडून ४६ वरून ६५ वर आलेली मुलगी गुणवान नाही, आणि तिन्ही वर्षे क्लास लावून एकसष्ट काढणारा गुणवान आहे, हे ठरवणारा नियम सरासरीच पाहतो, चढण पाहत नाही. यावर चळवळीतल्या मंडळींनी बोलले पाहिजे. अर्ज, निवेदने, मोर्चे आपण पुष्कळ केले, या कारणासाठीही करायला हवेत.

दादा त्या दिवसांत एक गोष्ट मनात घेऊन बसले होते. राहती खोली बँकेकडे तारण ठेवायची. शैक्षणिक कर्जाला बँकांची साधारण पद्धत अशी, की चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार, त्याच्यावर मालमत्ता. तीस लाखांसाठी खोली द्यावी लागणार. वहिनींनी साफ सांगितले, "खोली माझ्या सासूबाईंनी कचरा वेचून घेतलीय. पोरीला शिकवायला मी माझा जीव देईन, पण खोलीचा कागद देणार नाही." दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. शेवटी मुलीनेच दादांना सांगितले, "पप्पा, यंदा मी जात नाही. ॲडमिशन सोडते. एक वर्ष द्या." दादांना वाटले पोर हरली. आम्हालाही रात्री झोप लागली नाही. पण तिचे डोके ठिकाणावर होते. ती म्हणाली, "काका, मला मार्क बदलता येणार नाहीत. पण मार्कांच्या शेजारी काय ठेवायचं ते तर माझ्या हातात आहे."

ते वर्ष तिने कसे घालवले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण वाचकांच्या घरी कोणी असेल तर उपयोगी पडेल. फायनान्सच्या मास्टर्सला प्रवेश देणारी माणसे कमी मार्क पाहून मनात एकच शंका घेतात: हिला गणित झेपेल का? हिच्या गुणपत्रिकेवर तर गणिताची केटीच होती. त्या शंकेला उत्तर हवे होते, रडगाणे नको होते. तिने जीआरईची परीक्षा धरली. तिची फी वीस हजारांवर आहे, त्यामुळे दोनदा विचार करून भरली. गणिताचा भाग १३० ते १७० च्या मापात असतो. पहिल्या वेळी १५४ आले. सहा महिने रोज पहाटे साडेचारला उठून, नोकरीला जायच्या आधी, आठवी-नववीच्या गणितापासून पुन्हा सुरुवात केली. हो, आठवी-नववीपासून. त्यात तिला लाज वाटली नाही. दुसऱ्या वेळी १६३ आले. मधल्या काळात एनपीटीईएलवरचा संख्याशास्त्राचा कोर्स केला. शिकणे फुकट असते, परीक्षेला बसायचे असेल तरच फी. त्याचे प्रमाणपत्र मिळाले. आयईएलटीएस दिली, त्यात सात बँड आले. सीएफएच्या पहिल्या पातळीचा विचार केला होता, पण तिची फी पाहून सोडला. ज्यांना झेपते त्यांनी जरूर करावी, तिला फायनान्समध्ये वजन आहे.

मग आले ते पत्र, ज्यात आपण का शिकू इच्छितो ते लिहायचे असते. स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात त्याला. विहारात आमची यावर चांगली जुंपली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "जात लिही, गरिबी लिही, बापाच्या हातातला झाडू लिही. गोऱ्या लोकांना दया येते." दुसरे तरुण बँकेत आहेत, ते म्हणाले, "एक अक्षर लिहू नकोस. आडनावावरूनही ओळखणार नाहीत, कशाला सांगायचं?" मुलगी दोघांचेही ऐकून घेत होती. आम्हाला दोन्ही पटेना. दया मागून मिळालेली जागा शेवटपर्यंत दयेचीच राहते. आणि लपवून मिळालेली जागा सांभाळताना माणूस रोज थोडा थोडा घाबरत राहतो. आम्ही एवढेच म्हणालो, "पोरी, तुला हा विषय का हवा ते खरं लिही. त्यात जेवढं येईल तेवढं येऊ दे."

तिने जे लिहिले ते बचत गटाविषयी होते. वहिनींच्या गटाची वही ती बारावीपासून लिहीत आली आहे. वस्तीतल्या बायकांनी एका खाजगी कंपनीकडून आठवड्याच्या हप्त्याने कर्जे घेतली होती. शिवाय एक सावकार दहा हजार द्यायचा, "बाराच टक्के" म्हणून, बारा हप्ते. हिने एकदा संध्याकाळी हिशेब मांडला. बारा टक्के वर्षभर पूर्ण दहा हजारांवर आकारले जात होते, पण मुद्दल तर दर महिन्याला परत जात होते. सहा महिन्यांनी बाईच्या हातात निम्मीच रक्कम, व्याज मात्र पूर्ण रकमेचे. घटत्या शिलकीवर काढले तर तो दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जातो. तिने तो आकडा वहीवर लिहून बायकांना दाखवला. त्यानंतर गटातल्या कितीतरी जणींनी सावकाराची पायरी सोडून गटातूनच कर्ज उचलले. तिने पत्रात हा हिशेब आकड्यांसह दिला आणि लिहिले की लहान कर्जाची खरी किंमत कशी ठरते आणि ती कर्जदाराला का कळत नाही, हे मला शिकायचे आहे. वडील काय काम करतात ते एका वाक्यात आले, कारण ती वस्ती कोणाची ते सांगताना ते ओघाने येणारच होते. कमी मार्कांविषयी फक्त दोन वाक्ये: पहिल्या वर्षी भाषेचे माध्यम बदलले आणि मी शिकवण्या करीत होते, म्हणून निकाल कमी, त्यानंतर दरवर्षी वाढत गेला, आणि गणिताची तयारी आता कशी आहे ते जीआरईच्या गुणांवरून दिसेल. बस्स. त्या पत्रातली इंग्रजी साधी होती. आम्ही वाचून एकही शब्द बदलला नाही.

शिफारसपत्रांसाठी कॉलेजच्या सरांकडे गेलो. इतक्या मुलांतून ते हिला ओळखतील अशी आशा नव्हतीच. ती तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प आणि तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका घेऊन गेली, समोर ठेवल्या, सरांनी शांतपणे चाळल्या आणि पत्र दिले. दुसरे पत्र कचेरीतल्या सीए साहेबांनी दिले. त्यांनी तर हिने कोणकोणत्या फर्मचे ऑडिट सांभाळले ते मुद्दाम लिहिले.

या फेरीत आम्ही जर्मनीकडे पाहिले. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही, फक्त सहामाहीचा थोडा आकार. एका राज्यात, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, परदेशी विद्यार्थ्यांना सहामाहीला दीड हजार युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. पण बाकी पुष्कळ आहेत आणि इंग्रजीतून शिकवणारे वर्गही आहेत. त्यांचा मार्क मोजायचा हिशेब आम्हाला फार आवडला, कारण तो उघड आहे. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपल्याकडचे जास्तीत जास्त गुण घ्यायचे, त्यातून आपले गुण वजा करायचे. जास्तीत जास्त आणि पास होण्याचे गुण यांतल्या फरकाने भागायचे. तीनने गुणायचे, एक मिळवायचा. टक्के घेतले तर शंभरातून छप्पन्न गेले चव्वेचाळीस, भागिले साठ, गुणिले तीन, अधिक एक: ३.२. पण हिच्या गुणपत्रिकेवर दहाच्या मापातला सीजीपीए ६.४ आहे, पास व्हायला ४ लागतात. दहातून ६.४ गेले ३.६, भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक: २.८. एकाच मुलीचे दोन आकडे! कोणता धरायचा ते विद्यापीठ ठरवते, आणि ते आधी पत्र लिहून विचारता येते. मुलीने विचारले. एका विद्यापीठाने कळवले, गुणपत्रिकेवर छापलेला सीजीपीए धरू.

२.८ वर चांगल्या ठिकाणी सरळ प्रवेश अवघडच. पुष्कळ ठिकाणी २.५ ची रेघ असते. पण काही विद्यापीठे गुणांकन करतात: पदवीचे इतके, जीआरई-जीमॅटचे इतके, अनुभवाचे इतके. अशी ठिकाणे तिने शोधून काढली. आणखी एक गोष्ट ते पाहतात. पदवीत संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, लेखाशास्त्र यांचे किती क्रेडिट झाले ते विषयवार मोजतात. त्यासाठी सर्व सहामाहींचा ट्रान्सक्रिप्ट आणि अभ्यासक्रमाची प्रत लागते. कलिनाच्या चकरा मारून ते कागद जमवले. हे काम मे महिन्यातच सुरू करावे, ऐन वेळी धावपळ होते. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएसचे प्रमाणपत्र लागते. ते शैक्षणिक कागद तपासतात. 

पाच अर्ज केले. तीन नकार, एक प्रतीक्षायादी, एक प्रवेश. विद्यापीठ लहान शहरातले, नाव आमच्याकडे कोणी ऐकलेले नाही, क्रमवारीतही ते खाली. शिष्यवृत्ती याही वेळी नाही. पण फी नाही, त्यामुळे हिशेब बदलला. जर्मनीत वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी भरावे लागतात, ते महिन्या-महिन्याने हाती येतात. रुपयांत बारा लाखांच्या आसपास. मुलीची नोकरीतली साठवण पाच लाख होती. साडेसात लाखांचे कर्ज काढले, जामीनदार म्हणून आम्ही सही केली. आमच्या घरातून विचारणा झाली, "उद्या तिने हप्ते नाही भरले तर?" आम्ही म्हणालो, "भरेल. आणि नाही भरले तर आपण भरू. भथेनांना बाबासाहेब कोण लागत होते?" यावर घरातून काही उत्तर आले नाही, पण दुसऱ्या दिवशी पगारपत्रक आणि पॅनकार्डाची झेरॉक्स आमच्या पिशवीत ठेवलेली होती. खोलीचा कागद वहिनींच्या पेटीत आहे तिथेच आहे.

मुलगी ऑक्टोबरमध्ये गेली. आठवड्यातून दोन दिवस एका बेकरीत काम करते. तिथे विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. वर्ग इंग्रजीत असले तरी बेकरीत जर्मनच लागते, ती रात्री शिकते. पहिल्या सहामाहीत एका पेपरात ती नापास झाली, बाकी निघाले. तो पेपर पुन्हा द्यायचा आहे. तिने फोनवर हे सांगितले तेव्हा दादांचा चेहरा उतरला. आम्ही त्यांना सांगितले, लंडनला असताना बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते, ते शिक्षण पुढे जाऊ शकले नाही, पण लंडनचे काम त्यांनी पुरे केले. दादा म्हणाले, "तू प्रत्येक गोष्टीत बाबासाहेब काढतोस." खरे आहे. पण एप्रिलमध्ये ती रेल्वेने बॉनला जाऊन विद्यापीठाच्या दारात उभी राहून आली आणि फोटो पाठवला, तो दादांनी मोबाईलच्या पडद्यावर लावला आहे.

आमच्याकडे येणाऱ्या बाकीच्या मुलांना आम्ही आता एक वेगळीच गोष्ट सांगतो. तुम्ही फार उशिरा येता. साठ टक्क्यांची रेघ तिसरे वर्ष झाल्यावर कळून काय उपयोग? ती पहिल्या सहामाहीच्या आधी कळली पाहिजे, म्हणजे गणिताच्या आणि इंग्रजीच्या पेपराला कोणाला तरी धरून बसता येते. एका सहामाहीतली केटी पुढे सरासरीला किती खाली ओढते ते कागदावर मांडून दाखवले की मुलांना पटते. नुसते "अभ्यास करा" म्हटल्याने पटत नाही.

म्हणून यंदापासून प्रथम वर्ष बी.कॉम.च्या मुलांना बोलावले आहे. वस्तीतली सात नावे आली, पाच मुली, दोन मुलगे. गणित व संख्याशास्त्र शिकवायला बँकेतले ते तरुण तयार झाले आहेत, दर शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ. इंग्रजीसाठी माणूस अजून मिळालेला नाही. वाचकांपैकी कोणी शिक्षक जवळपास राहत असतील तर विहारात निरोप ठेवावा.